निरपराध्याच्या जखमेची जबाबदारी

ज्या कोलकात्यात मी सध्या सेवेत आहे, तेथेच थॉमस मेकॉले यांच्या विधी आयोगाने १८३७ साली दंड संहितेचा मसुदा सिद्ध केला आणि १८६० साली तिचा कायदा झाला. तिच्या १०६व्या कलमातील उदाहरण आजही अस्वस्थ करते. एक जमाव एका माणसाचा जीव घेण्यास चालून येतो. गोळी झाडल्याखेरीज बचाव नाही आणि जमावात लहान मुले मिसळलेली आहेत. गोळी एखाद्या मुलास लागली, तरी झाडणारा गुन्हेगार ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने हीच तरतूद ४४व्या कलमात कायम ठेवली.

मला ही तरतूद न्याय्य वाटते. तिची अट कडक आहे: मृत्यूची भीती वाजवी हवी आणि निरपराध्यास धोक्यात घातल्यावाचून परिणामकारक बचाव अशक्य हवा. अशा क्षणी माणसाकडून न्यायाधीशाच्या तोलाची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

परंतु गुन्हेगार कोण नाही, एवढेच हे कलम सांगते. त्या मुलाच्या उपचारांचा खर्च कोणी सोसावा, याविषयी ते मौन पाळते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला येथे तिऱ्हाइताच्या माथी पडलेला खर्च दिसतो. ज्याने संकट निर्माण केले, त्यानेच तो सोसावा, हे उचित. इंग्लंडमधील स्कॉट विरुद्ध शेफर्ड या १७७३ च्या निवाड्यात हेच तत्त्व आहे. बाजारात पेटता फटाका फेकला गेला. दोघांनी स्वतःच्या बचावासाठी तो पुढे भिरकावला आणि तिसऱ्याचा डोळा गेला. भरपाईस पहिला फेकणाराच जबाबदार ठरला.

मात्र जमावातील हल्लेखोर सापडलेच नाहीत तर? नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९६व्या कलमानुसार, आरोपीचा शोध लागला नाही व खटला चालला नाही, तरी पीडितास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. मात्र गोळी झाडण्याचे कृत्यच गुन्हा नसल्याने ‘पीडित कोण’ असा तांत्रिक आक्षेप संभवतो. माझ्या मते उत्तर सरळ आहे: मूळ गुन्हा हल्ल्याचा, आणि जखम त्याचाच परिणाम. राज्यांनी आपल्या भरपाई योजनांत हे एका वाक्यात स्पष्ट करावे. तिजोरीवर भार पडेल, हा आक्षेप टिकणारा नाही; कलमाच्या अटी पाहता अशी प्रकरणे मोजकीच असणार. ज्या शासनाला हल्ला रोखता आला नाही, त्याने निदान निरपराध्याची शुश्रूषा तरी नाकारू नये.