दाराच्या पॅडमागचा इतिहास

१/
जुन्या मोटारीच्या दारांचे जीर्ण पॅड काढून त्यांच्या जागी हुबेहूब नवे बसवले, तर त्या गाडीचा इतिहास जपला जातो की पुसला जातो? पनवेलच्या दमट हवेत जुनी फियाट किंवा पद्मिनी सांभाळणाऱ्यापुढे हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच. हा धागा त्या प्रश्नाविषयी.

२/
पनवेलचे आणि प्रवासाचे नाते जुने. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, तेव्हा मुंबईचा प्रवासी होडीने पनवेल बंदरात उतरे आणि तेथून पुण्याची वाट धरी. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला आणि मुंबईच्या मोटारी थेट पनवेलवरून घाटाकडे धावू लागल्या. त्या काळात या रस्त्यावर दोन चेहरे सर्वांत ओळखीचे होते: अँबॅसिडर आणि फियाट.

३/
ती फियाट कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ ची. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर सरकारने धोरण ठरवले: केवळ सुटे भाग जोडून गाड्या विकणाऱ्यांनी येथे उत्पादन करावे, अन्यथा गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी काढता पाय घेतला, प्रीमियर टिकली. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली आणि १९७० च्या दशकात तिचेच नाव पद्मिनी झाले.

४/
हा तपशील येथे महत्त्वाचा आहे. कुर्ल्याची फियाट ही इटालियन गाडीची नुसती प्रतिकृती नव्हे. आयातीवरील निर्बंधांच्या काळात एकेक भाग देशी होत गेला, जे मिळेल त्यातून घडत गेला. त्या काळाच्या अर्थव्यवस्थेचा पुरावा इंजिनात जितका आहे, तितकाच दारावरच्या रेक्झिनमध्येही आहे.

५/
दाराचे पॅड म्हणजे हार्डबोर्डची पातळ फळी, तिच्यावर फोमचा किंवा कापसाचा थर आणि वरून ताणून चिकटवलेले रेक्झिन. मागच्या बाजूच्या स्प्रिंगच्या क्लिपा दाराच्या पत्र्यातील भोकांत घट्ट बसतात. काचेचे हँडल, कडीचे हँडल आणि हात टेकायचा दांडा काढल्यावर पॅड अलगद सुटते. रचना साधी आहे, आणि याच साधेपणामुळे तिच्याकडे दुर्लक्ष होते.

६/
पावसाचे पाणी काचेच्या फटीतून दाराच्या पोकळीत उतरणारच. ते तळाच्या छिद्रांतून निघून जावे आणि पॅडपर्यंत पोहोचू नये, म्हणून मध्ये प्लास्टिकचा पडदा असतो. छिद्रे मातीने बुजली किंवा पडदा फाटला, की हार्डबोर्ड फुगतो, क्लिपा सुटतात आणि पत्रा गंजू लागतो. कोकणच्या चार महिन्यांच्या पावसात हे व्हायला फार वर्षे लागत नाहीत. पडदा न बदलता नवे पॅड बसवणे म्हणजे गळक्या छपराखाली भिंत रंगवणे.

७/
येथे कुशनचे काम करणाऱ्या कारागिराची कसोटी लागते. जुने पॅड साचा म्हणून वापरले, तर त्याचा फुगवटाही नव्यात उतरतो. जाणता कारागीर पत्र्यातील भोकांची मापे घेतो, हार्डबोर्ड आधी नुसता बसवून पाहतो, हँडलची भोके जुळवतो आणि मगच रेक्झिन ताणतो. कोपऱ्यावरची एक सुरकुती सारे काम बिघडवते.

८/
तरीही नवे पॅड जुन्यासारखे तंतोतंत होत नाही. कारखान्यात रेक्झिनवरच्या रेषा अनेकदा उष्णतेने दाबून उठवल्या जात; स्थानिक कारागीर त्याच रेषा शिलाईने काढतो. हा फरक काही जणांना दोष वाटतो. इतिहासाच्या दृष्टीने तो प्रामाणिकपणा आहे: एक खूण यंत्राची, दुसरी हाताची.

९/
कायदा याबाबत मूक आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले वाहन ‘व्हिंटेज’ ठरते आणि त्याच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र मूळ स्वरूप बिघडवणारा बदल म्हणून नियमात उल्लेख आहे तो चासी, बॉडी आणि इंजिन यांचा. आतल्या सजावटीची जबाबदारी त्यामुळे मालकाच्या विवेकावरच येते.

१०/
या विवेकाला दिशा देणारे दस्तऐवज आहेत. स्मारकांच्या जतनासाठी १९६४ ची व्हेनिस सनद सांगते की नवा भाग एकूण रचनेशी सुसंगत असावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखता यावा. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ च्या ट्यूरिन सनदेत हाच विचार मोटारींना लावला: बदललेल्या भागावर टिकाऊ खूण हवी आणि कामाची नोंद हवी.

११/
आक्षेप असा येतो की गाडी म्हणजे किल्ला नव्हे. ती चालवण्यासाठी आहे आणि पॅड ही झिजणारीच वस्तू आहे. आक्षेप रास्त आहे. कुजका हार्डबोर्ड जपण्याच्या हट्टापायी दार गंजू देणे हे जतन नव्हे. पॅड अवश्य बदलावे. वाद बदलण्याविषयी नाही, बदल लपवण्याविषयी आहे. नवे पॅड ‘कंपनीचे मूळ’ म्हणून खपवले, की खरेदीदाराची फसवणूक होते आणि उद्याच्या अभ्यासकाचीही.

१२/
दुसरा मोह अधिक सुबक आणि म्हणूनच अधिक घातक. इटालियन ११०० साठी बनलेली देखणी पॅड कुर्ल्याच्या गाडीत बसवली, तर ती शोभतील. पण त्या गाडीचा जन्म खोटा ठरेल. गडाच्या चुन्याच्या दरजांवर सिमेंट थापलेले पाहून हळहळणाऱ्या तरुणांना हे वेगळे सांगायला नको. चकचकीतपणा म्हणजे अस्सलपणा नव्हे.

१३/
शिवाय ‘मूळ’ म्हणजे नेमके कोणत्या दिवसाचे? मुंबईची अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. अशा टॅक्सींत चालकांनी हौसेने लावलेली फुलाफुलांची आवरणे कारखान्याची नव्हती. ती उखडून ‘शोरूमसारखे’ पॅड बसवणे म्हणजे श्रमिकाच्या आवडीचा पुरावा फेकून देणे. वापराच्या खुणा हाही इतिहासच.

१४/
उपाय खर्चिक नाहीत. पॅड काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. जुने पॅड, निदान रेक्झिनचा एक तुकडा, नाव लिहून कोरड्या जागी ठेवावा. नव्या हार्डबोर्डच्या मागे वर्ष, गाव आणि कारागिराचे नाव पुसणार नाही अशा शाईने लिहावे. गाडी विकताना ही नोंद सोबत द्यावी.

१५/
कुर्ल्यात ज्या हातांनी ती पहिली पॅड चिकटवली, त्यांची नावे गाडीवर कुठेच नाहीत. पनवेलच्या कारागिराचे नाव पॅडच्या मागे राहिले, तर पन्नास वर्षांनी दार उघडणाऱ्याला निदान एवढे कळेल की ही गाडी कोणी, केव्हा आणि कुठे जगवली. नवे पॅड बसवताना एवढी प्रामाणिक ओळ लिहिली, तर इतिहास पुसला जात नाही. त्यात एका पानाची भर पडते.