जुनी आवृत्ती मोडीत काढावी काय?

संगणकाच्या जगात ‘नवे ते हवे’ हा जणू नियमच होऊन बसला आहे. लिनक्ससारख्या प्रणालीत ‘पॅकेज मॅनेजर’ नावाची एक व्यवस्था असते. तिला कोठीवरचा कारभारी म्हणावे. आपण प्रोग्रॅम मागावा. कारभाऱ्याने तो, त्यास लागणाऱ्या इतर साहित्यासह, भांडारातून आणून बसवून द्यावा. प्रश्न असा, की नवी आवृत्ती आली म्हणजे या कारभाऱ्याने जुनी मोडीत काढावी काय? माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे.

आपण कला शाखेचे विद्यार्थी; आपल्याला याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. परंतु हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. आपल्याच जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे मूळ पोथी परचक्रात हरवली. अनुयायांनी ते स्मरणाने पुन्हा लिहिले आणि त्याचे निरनिराळे पाठ झाले. संपादक त्यांतील एक प्रमाण मानतो, पण उरलेले जाळून टाकीत नाही. पाठभेद जपले म्हणूनच अभ्यास शक्य होतो.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातील कित्येक छापखान्यांत वर्षानुवर्षे मराठी मजकूर पेजमेकरवर, श्रीलिपीसारख्या टंकांत जुळवला गेला. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ सालची. त्या काळचे टंक युनिकोडच्या पद्धतीचे नव्हते. नेमका टंक जवळ नसेल तर अक्षराच्या जागी भलतेच चिन्ह उमटते. त्या फाइलींतले वार्षिकांक, स्मरणिका, ग्रंथ जुन्या साधनांवाचून मुके होतात. शिवाय तिवशासारख्या गावी दर चार वर्षांनी नवा संगणक घेणे किती जणांना परवडते? नवी आवृत्ती जुन्या यंत्रावर चालेनाशी झाली, की ते यंत्रही भंगारात!

विरोधकांचे म्हणणे निराधार नाही. जुन्या आवृत्तीत भगदाडे राहतात व चोर तेथूनच शिरतो. पण नवे म्हणजे निर्धोक, असेही नाही. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फाइली आवळून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांत कोणी हेतुपुरस्सर चोरदरवाजा ठेवल्याचे उघडकीस आले. तेव्हा उपाय काय झाला? डेबियनच्या स्वयंसेवकांनी आपल्या चाचणी-भांडारांत ५.४ मालिकेतील जुनी आवृत्ती परत आणली. जुनी हाताशी नसती तर माघारी फिरावयाचे कोठे?

दुसरा आक्षेप श्रमांचा. प्रत्येक जुन्या आवृत्तीची डागडुजी करीत बसणे मूठभर स्वयंसेवकांना कसे झेपावे? परंतु जपणे निराळे आणि डागडुजी करणे निराळे. डेबियनने जुनी पॅकेजे तारीखवार ठेवण्याचे स्वतंत्र संग्रहालय चालविलेच आहे. ग्रंथपाल जीर्ण ग्रंथ नव्याने लिहून काढीत नाही. तो कपाटात ठेवतो आणि मागणाऱ्यास देतो.

तेव्हा माझ्या मते रीत अशी असावी: न सांगता मागणाऱ्याला नवी आवृत्ती द्यावी, क्रमांक सांगून जुनी मागणाऱ्याला धोक्याची स्पष्ट सूचना देऊन तीही द्यावी. निवड वापरणाऱ्याची, जपणूक मात्र भांडाराची. ज्या भांडारात कालचे काहीच सापडत नाही, त्याला दुकान म्हणता येईल, ग्रंथालय नव्हे.