ओवीखालचं नाव

महिला दिन असो, मातृदिन असो की शाळेचं स्नेहसंमेलन, पुण्यात रंगमंचावर एक जातं हमखास येतं. बहुतेक वेळा थर्माकोलचं. भोवती नऊवारीतल्या दोघीतिघी आणि मागे आई-लेकराच्या ओव्या. त्याच कार्यक्रमात भावगीत असलं की पत्रिकेत कवी, संगीतकार, मूळ गायिका सगळं शिस्तीत छापलेलं असतं. त्यात आपलं शहर चोख; एखादं नाव चुकलं तर मध्यंतरातच कोणीतरी आयोजकांना गाठतं. ओवीपुढे मात्र नुसतं 'पारंपरिक' छापलं की काम भागतं.

नावं ठाऊक नाहीत, हे कारण निदान पुणेकरांनी तरी सांगू नये. फ्रान्सहून येऊन इथलेच झालेले गी प्वातवां आणि हेमा राईरकर यांनी मुळशीच्या डोंगरी गावांत काम करता करता बायकांच्या ओव्या टिपून घ्यायला सुरुवात केली, ती पुण्यात राहूनच. गावागावांतल्या कार्यकर्त्यांनी वह्या भरल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या मदतीने ध्वनिमुद्रणं झाली. हजारावर गावं, तीन हजारांवर गाणाऱ्या, १ लाखाहून अधिक ओव्या. प्वातवां २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. २०१७ पासून 'पारी' हे संकेतस्थळ हा ठेवा वाचकांपुढे मांडत आहे, गाणारीचं नाव, गाव, तालुका यांसह.

यावर कोणी म्हणेल, ओवी एकटीची कुठे असते? ती आईकडून लेकीकडे येते. खरं आहे. मुलगा म्हणजे राघू, मुलगी म्हणजे मैना, हा साचा कोणा एकीचा नाही. पण त्या साच्यात बाई नाव घालते ते स्वतःच्या लेकाचं, वाट घालते ती स्वतःच्या माहेरची. एकीने ओळ उचलली की खुंट्याला हात लावून बसलेली दुसरी ती पुढे नेते. पायली सरेपर्यंत दोघींच्या घरचं सगळं गोत जात्यापाशी येऊन जातं.

आणि ते सगळंच गोड नसतं. रंगमंचावर येतो तो तान्हुल्याचा लाड. संग्रहात त्याच्याच शेजारी मुलगी झाली म्हणून पडलेली तोंडं आहेत, लांबच्या गावी दिलेली लेक आहे, आईबाप गेल्यावर भावजयीच्या राज्यात परकं झालेलं माहेर आहे. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्यांत तर बाबासाहेब घरच्या माणसासारखे येतात. गाणारी निनावी असली की यातलं हवं ते उचलता येतं. नाव-गावाची बाई आली की तिची सासू येते, जात येते, तक्रारही येते, आणि दीपप्रज्वलनाला बोलावलेल्या पाहुण्यांपुढे ते जरा अवघड जातं.

गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या तशी जाती अंगणाच्या कोपऱ्यात गेली. ज्यांनी दळताना गायलं त्या आता म्हाताऱ्या आहेत, कित्येक गेल्याही. पुढच्या पत्रिकेत 'पारंपरिक' खुशाल राहू द्या. त्याखाली गाणारीचं नाव आणि 'कोळवडे, तालुका मुळशी' एवढी ओळ बसवा. जागा नाही म्हणू नका. प्रायोजकांसाठी मागचं अख्खं पान निघतंच.