बर्फाला उतार असतो

माझं गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी. तिथे उतार म्हणजे धानाच्या बांधीतून पाणी पुढे जावं एवढाच. तरी आमच्याकडची पोरं आता डिसेंबरात उत्तराखंडात बर्फ तुडवायला जातात. पुण्यात आयटीतली नोकरी, वर्षअखेरीच्या उरलेल्या सुट्ट्या आणि 'पूर्वानुभवाची गरज नाही' अशी जाहिरात. मीही गेलोय. सामानाच्या यादीत थर्मल, सनस्क्रीन, पॉवर बँक सगळं होतं. हिमस्खलन हा शब्द नव्हता. वाटेत विचारलं तर उत्तर आलं, "सर, इथे काही होत नाही."

या वाक्याची मला चीड आहे.

हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. कोन मोजायला खिशातला फोन पुरतो. आपण सपाटीवर असलो तरी डोक्यावर काय आहे ते पाहावं लागतं. आणि हौशी लोक ज्यात मरतात ती हिमस्खलनं बहुतेकदा त्यांच्या किंवा सोबत्यांच्याच वजनाने सुटलेली असतात. म्हणजे हा निव्वळ दैवाचा खेळ नाही.

गाडलं गेल्यावर हिशेब मिनिटांचा. १९९४ साली 'नेचर'मध्ये आलेल्या स्विस आकडेवारीनुसार पंधराव्या मिनिटाला जगण्याची शक्यता ९२ टक्के, पस्तिसाव्याला ३०. एवढ्यात खालून मदत येत नाही. शोधणारे आणि खणणारे सोबतचेच. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर बीकन हवा, पाठीवर फावडं आणि बर्फात खुपसायची लांब सळई हवी, आणि ते वापरायचा सराव हवा. महाग आहे म्हणतात. मग बुटांना लावायचे काटे भाड्याने देता, तसे हेही द्या.

"प्रशिक्षण घेतलेले मरत नाहीत का?" मरतात. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या चमूतले २९ जण गेले. त्यात प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या, त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट चढलेल्या. बर्फ त्यांना सोडत नाही आणि आम्हाला सांगता, काही होत नाही?

शिकायचं ते आधी मागे फिरायला. पण वाट अर्ध्यावर सोडली की आपणच एक तारा देऊन मोकळे होतो, तेव्हा दोष एकट्या कंपन्यांचा नाही.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला तेव्हा मी गावीच होतो. त्याच्या कितीतरी आधीपासून आई सांगायची, "बाबू, पाणी गढूळ दिसलं का पात्रात पाय टाकू नको." नदीची भीती आम्हाला घरातून मिळाली. बर्फाची कोण देणार? आमच्या सात पिढ्यांत कुणी बर्फ पाहिला नव्हता. ती विकत घेऊन शिकावी लागेल, आणि शिकवल्याशिवाय पैसे घेणाऱ्याला नाही म्हणावं लागेल.

यंदा मित्रांसाठी एका कंपनीला मेल केला: बीकन किती आहेत, सराव कोणत्या दिवशी घेता? तासाभरात उत्तर आलं. त्यात जॅकेटच्या भाड्याचे दर होते.