ताजमधला ट्रम्पेट, चाळीतला ठेका
जॅझ हे साहेबांच्या नाचघरातले संगीत. वरळीच्या कामगारवस्तीतल्या बीडीडी चाळींशी त्याचा काय संबंध, असा आक्षेप कुणी घेईल. पण गोव्यातल्या हळदोण्यात १९१६ साली जन्मलेले आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, अमेरिकन जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाने ट्रम्पेट फुंकत ताज हॉटेलापुरते थांबले नाहीत, ते हिंदी सिनेमाचे संगीतकार सी. रामचंद्रांचे साहाय्यक झाले. १९५१च्या ‘अलबेला’त ते बँडसह पडद्यावरही दिसतात, आणि त्या सिनेमात नाचतो गिरणी कामगाराचा मुलगा, नायक-दिग्दर्शक भगवान. त्याच ठेक्यावर पुढे चाळीचाळींतल्या गणपतीच्या मिरवणुका नाचल्या. चाली रामचंद्रांच्या, हे खरेच. पण त्यांतला स्विंगचा झोक अशा वादकांच्या फुंकरीतून आला. चिक १९६७ साली गेले. गाण्याखाली संगीतकारासोबत वादकाचेही नाव छापणे हा उपकार नव्हे, चुकता करायचा हिशेब आहे.