हिरवा दिवा दिसला म्हणजे बीपी आटोक्यात आलं, असं नाही

गेल्या काही वर्षांत ओपीडीत एक चांगला बदल दिसतो. पूर्वी पेशंट बीपीचे आकडे कॅलेंडरच्या मागे नाहीतर केमिस्टच्या पावतीवर लिहून आणायचे. आता बरेच जण एक्सेलचं शीट आणतात. मुलगा किंवा मुलगी पुण्या-बंगळुरूला असते, ती शीट बनवून देते आणि इथे नागपुरात आई-बाबा त्यात रोजचे आकडे भरतात. प्रत्येक आकड्याशेजारी लाल, पिवळा, हिरवा दिवा लागलेला असतो. दिसायला छान आणि समजायलाही सोपं.

असंच एक शीट घेऊन एक काका आले. खुशीत होते. म्हणाले, "डॉक्टर, आता हिरवे दिवे येऊन राहिले. एक गोळी कमी करा ना!"

मी कागद पाहिला. वरच्या बीपीचे पाच आकडे होते: १६८, १६०, १५४, १४८, १४२. हिरवा दिवा होता १६८ आणि १६० समोर. १५४ ला पिवळा. आणि त्यातल्या त्यात बऱ्या असलेल्या १४८ आणि १४२ ला लाल! काकांनी आकडे वाचलेच नव्हते, फक्त दिवे पाहिले होते. त्याहून वाईट म्हणजे हिरवा दिवा आला की त्या दिवशीची गोळी त्यांनी स्वतःच बंद ठेवली होती.

चूक काकांची नव्हती, मुलीचीही नव्हती. मग झालं काय?

एक्सेलला तुमचं बीपी कळत नाही

एक्सेलमध्ये या दिव्यांना 'आयकॉन सेट्स' म्हणतात. एक्सेल २००७ पासून ही सोय आहे. तुम्ही आकडे निवडून दिवे लावले आणि दुसरं काही बदललं नाही, तर एक्सेल त्यातला सर्वात लहान आणि सर्वात मोठा आकडा शोधतं. मधल्या अंतराचे साधारण तीन सारखे भाग करतं. वरच्या भागाला हिरवा, मधल्याला पिवळा आणि खालच्याला लाल दिवा देतं.

इथे दोन घोटाळे होतात. पहिला म्हणजे, एक्सेलच्या हिशोबात जास्त ते चांगलं. दुकानाची विक्री किंवा मुलांचे मार्क असतील तर ते बरोबरच आहे. बीपी आणि शुगरला ते उलटं पडतं.

दुसरा घोटाळा जास्त फसवा आहे. एक्सेल तुमचे आकडे कुठल्याही वैद्यकीय मर्यादेशी नाही, तर एकमेकांशी ताडून पाहतं. सगळेच आकडे वाईट असले तरी त्यातल्या एखाद्याला हिरवा दिवा मिळतोच. नुसता दिव्यांचा क्रम उलटा केला तरी काकांच्या १४२ ला हिरवा दिवा मिळाला असता, आणि तोही चुकीचाच.

मेळघाटातल्या अंगणवाडीत लहान मुलांच्या दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी तुम्ही कदाचित पाहिली असेल. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी आला तर लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळा आणि त्याच्या वर हिरवा. पाड्यावरची सगळी मुलं कुपोषित असली तर ती पट्टी सगळ्यांना लालच दाखवते. त्यातल्या त्यात बऱ्या मुलाला हिरवं ठरवत नाही. रंग कुठे बदलायचा हे आधीच पक्कं ठरलेलं आहे, म्हणून ती कामाची आहे. तुमचं शीटही तसंच हवं.

मग शीट कसं करायचं?

आधी वरचं आणि खालचं बीपी वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. १४२/८८ असं एकत्र लिहिलं तर एक्सेल तो आकडा मानत नाही आणि दिवा लागतच नाही.

मग वरच्या बीपीचा रकाना निवडून होम, कंडिशनल फॉरमॅटिंग, आयकॉन सेट्स असं जा आणि तीन आयकॉनचा संच घ्या. त्यानंतर मॅनेज रूल्स आणि एडिट रूल उघडा. तिथे 'रिव्हर्स आयकॉन ऑर्डर' दाबा. 'टाइप'मध्ये 'परसेंट' असेल, ते दोन्ही ठिकाणी बदलून 'नंबर' करा आणि तुमच्या मर्यादा भरा. उदाहरणार्थ, १५० आणि त्यावर लाल, १३५ आणि त्यावर पिवळा, त्याखाली हिरवा. खालच्या बीपीच्या रकान्याला त्याच्या स्वतःच्या मर्यादा द्या.

घरी मोजलेल्या बीपीसाठी साधारणपणे १३५/८५ ही सीमा धरतात, दवाखान्यात १४०/९०. पण तुमचं वय, मधुमेह, किडनी, आधीचा हार्ट अटॅक यांवरून तुमची मर्यादा वेगळी असू शकते. म्हणून हे आकडे नेटवरून किंवा शेजाऱ्यांच्या शीटवरून घेऊ नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, "माझा दिवा कितीला बदलायचा?" दोन मिनिटांचं काम आहे.

खालची बाजू विसरू नका

नागपूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पारा ४५ ला टेकतो, घाम जातो आणि बीपी खाली येतं. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आणखीच. अशा वेळी बीपी ९४ आलं, उभं राहिल्यावर अंधारी आली, तरी वरच्या नियमाने दिवा हिरवाच राहील! शुगरचंही तेच. ५८ ही धोक्याची शुगर आहे, पण शीट तिला शाबासकी देईल.

म्हणून आणखी एक नियम घाला. 'हायलाइट सेल्स रूल्स'मध्ये 'लेस दॅन' निवडून बीपीला १०० आणि शुगरला ७० ठेवा आणि त्याला निळा रंग द्या. बीपीची ही खालची मर्यादाही डॉक्टरांना विचारून घ्या.

माझं मत

रोजच्या प्रत्येक आकड्यासमोर दिवा लावूच नये, असं मला वाटतं. बीपी दिवसभर वरखाली होतं. एक लाल दिवा दिसला की माणूस घाबरतो, पुन्हा मोजतो आणि घाबरल्यामुळे पुढचा आकडा आणखी वाढतो. भेटीच्या आधी सात दिवस सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा मोजा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा आणि लाल-पिवळा-हिरवा दिवा फक्त त्या सरासरीला लावा. निळा रंग मात्र रोजच्या आकड्यांना राहू द्या.

आणखी एक. टिकमार्क, उद्गारचिन्ह, फुली असे वेगवेगळ्या आकारांचे आयकॉन निवडा. काही जणांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, आणि काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये तर कोणालाच कळत नाही.

दिवा पाहून गोळी बंद करू नका, वाढवूही नका. आणि छातीत दुखणं, धाप लागणं, बोलताना जीभ अडखळणं, हातापायातली ताकद जाणं यांपैकी काही झालं, तर शीट उघडूच नका. थेट हॉस्पिटल गाठा.

त्या काकांची गोळी मी कमी केली नाही. ते थोडे हिरमुसले. पण आम्ही दोघांनी मिळून मर्यादा ठरवल्या आणि मुलीला फोन करून शीट दुरुस्त करायला सांगितलं. पुढच्या वेळी आले तेव्हा दिवा पिवळा होता. मला मात्र त्या जुन्या हिरव्यापेक्षा हा खरा पिवळा जास्त आवडला.