गुरख्याची काठी

लहानपणी आमच्या गल्लीत रात्री गुरखा यायचा. रस्त्यावर काठी आपटत, मध्येच शिट्टी फुंकत जायचा. त्या आवाजाने कधी झोप मोडली नाही. पण एखाद्या रात्री आवाज आला नाही, की आई उठून दाराची कडी बघून यायची.

पुढे टेलिकॉममध्ये नोकरी लागली आणि 2006 च्या पावसाळ्यात हा गुरखा फार आठवला.

डोंगरावरच्या आमच्या निर्मनुष्य साइट्सवर तेव्हा राउटरमध्येच अलार्म कार्ड बसवली होती. कल्पना चांगलीच होती. राउटर तिथे आहेच, त्याला बॅटरी आहेच, कंट्रोल रूमपर्यंत लिंकही आहे. मग दार उघडलं, खोली तापली, वीज गेली, हे सांगायला वेगळी पेटी कशाला? प्रत्येक गोष्टीच्या दोन तारा कार्डाला जोडायच्या, की झालं.

एका रात्री सह्याद्रीतल्या एका साइटची वीज गेली. अलार्म आला, पण भारनियमनाच्या त्या दिवसांत तो रोजच यायचा. कोणी मान वर केली नाही. मग जनरेटर सुरू झाला नाही. तो अलार्म निघाला नेमका मुसळधार पावसात मायक्रोवेव्ह लिंक डळमळत असताना, आणि वाटेतच हरवला. एसएनएमपी ट्रॅप म्हणजे साधं पोस्टकार्ड. पोचलं की नाही, कोणी विचारत नाही. बॅटरीच्या व्होल्टेजची जोडणी आम्ही 'पुढच्या फेरीत करू' म्हणून ठेवली होती. 54 व्होल्टची बॅटरी उतरत उतरत 43 वर आली आणि राउटर बंद पडला. अलार्म देणाराच गेला! आमचा पडदा मात्र हिरवागार. सकाळी खालच्या गावातला एकजण तालुक्याला येऊन भांडला, तेव्हा कळलं. रात्री घरात आजारी माणूस, आणि डॉक्टरांना फोन लागत नव्हता. माणूस वाचला, पण त्याला उत्तर देताना माझी मान खालीच होती.

काही सहकारी तेव्हा म्हणाले, राउटरमधलं कार्डच नको. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. वेगळी पेटी म्हणजे बिघडायला आणखी एक वस्तू. कार्ड जरूर बसवा, पण तीन गोष्टी पाळा.

एक, सगळं ठीक असताना संपर्क जोडलेला राहील अशी जोडणी करा. म्हणजे उंदराने तार कुरतडली तरी अलार्म वाजेल.

दोन, साइट सांगेल म्हणून बसून राहू नका. दर काही मिनिटांनी कंट्रोल रूमने स्वतः विचारावं, 'आहेस का रे?' महत्त्वाचे अलार्म पोच मागणाऱ्या 'इन्फॉर्म'ने पाठवा.

तीन, दोनचार मोजके अलार्म दुसऱ्या वाटेनेही जाऊ द्या. स्वतःची छोटी बॅटरी असलेला, दुसऱ्या टॉवरवर चालणारा मोबाइल मोडेम पुरतो.

आणि हो, कार्डाला 64 इनपुट आहेत म्हणून 64 तारा जोडू नका. रोज ओरडणाऱ्याकडे कोणी बघत नाही, हे त्या वीज गेल्याच्या अलार्मने आम्हाला शिकवलंच होतं.

शांतता म्हणजे सगळं ठीक, असं आपण फार सहज धरून चालतो. आई तसं धरत नव्हती. तिच्यासाठी काठीचा आवाज म्हणजे ठीक, आणि शांतता म्हणजे उठून बघायची वेळ.

असो. आता आमच्या गल्लीत गुरखा येत नाही.